शटरला पोचा आला म्हणून शटर बदलू नका



आज पाककृती लिहीत नाही. आज मला भांडायचं आहे, आणि तेही गॅरेजच्या शटरवरून.

सांगली, कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजी, आपल्या कुठल्याही गावात बघा. बंगल्याच्या तळमजल्याला गाडीची खोली असते आणि तिला लोखंडी शटर असतं. कधी मुलगा गाडी रिव्हर्स घेताना ठोकतो, कधी फर्निचर आणणारा टेम्पो धडकतो, आणि शटरला पोचा येतो. शटर वर जातं, खाली येतं, कुलूप लागतं. फक्त ते पोचलेलं दिसतं. आणि घरात लगेच ठरतं, "बदलून टाकूया." दोन महिन्यांवर लग्न असलं, किंवा गावात चातुर्मास असला आणि महाराजांचा आहार आपल्याकडे होण्यासारखा असला, की मग विचारायलाच नको.

हे चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेबाने चुकीचं आहे आणि धर्मानेही चुकीचं आहे. दोन्ही बाजू मांडते, मग स्वस्तात दुरुस्ती कशी करायची तेही सांगते.

आधी शटर म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याला वाटतं तो एक अखंड पत्रा आहे. तसं नसतं. एकात एक अडकवलेल्या आडव्या पट्ट्या असतात. एक पट्टी साधारण तीन इंचांची. सात फूट उंचीला अठ्ठावीस, आणि वर ड्रमवर गुंडाळलेल्या एक-दोन धरून तीस पट्ट्या म्हणा. गाडीचा बंपर लागतो तो त्यातल्या तीन-चार पट्ट्यांना. म्हणजे ३० पैकी ३ पट्ट्या वाकतात आणि आपण २७ चांगल्या पट्ट्या भंगारात घालतो. कुकरची रिंग गेली म्हणून कुणी कुकर फेकतं का? मग शटरचं तेवढं वेगळं का?

वेगळं यासाठी, की विकणारा आपल्याला पट्टीचं सांगत नाही. आमच्याच घरी टेम्पो लागला तेव्हा पहिल्यांदा आलेल्या माणसाने शटरकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "हे आता होत नाही काकू, पूर्णच बदलावं लागेल." हात लावून बघितलंसुद्धा नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलं, दुसऱ्याला बोलवा. दुसरा आला तो फॅब्रिकेशनचं लहानसं काम करणारा. त्याने एका बाजूचं चॅनेल सोडवलं, दोन पट्ट्या सरकवून काढल्या, त्यांच्या जागी नव्या दोन घातल्या, तिसरी ठोकून सरळ केली. अर्ध्या दिवसाचं काम. पट्ट्यांसकट १,८०० रुपये झाले.

आता नव्याचा हिशेब करा. आठ बाय सातचं शटर म्हणजे ५६ चौरस फूट. चौरस फुटाला २५० रुपये धरले तर १४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२० रुपये. झाले १६,५२०. जुनं काढणं, बसवणं, भिंतीचं उखडलेलं प्लॅस्टर हे वेगळंच. तुमच्या गावातला दर कमी-जास्त असेल, पण प्रमाण हेच राहील. दुरुस्तीच्या आठ-नऊ पट पैसे आपण फक्त दिसण्यासाठी मोजतो.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. पहिल्याच वर्षी शिकवतात, की वस्तू आहे तशी चालू ठेवण्यासाठी केलेला खर्च तो महसुली खर्च आणि नवी मालमत्ता उभी करायचा तो भांडवली खर्च. भांडवली खर्च करताना व्यापारी विचारतो, यातून जास्तीचं काय मिळणार? आपले सासरे, वडील, सगळे पेढीवर हाच प्रश्न विचारत आले. नव्या शटरने जास्तीचं काय मिळतं? गाडी तीच, खोली तीच, कुलूपही तेच. मिळकत शून्य. दुकानात असा खर्च कुणी करू देणार नाही, मग घरात का चालतो?

हा झाला पैशाचा भाग. तेवढाच असता तर मी लिहिलं नसतं, कारण पैसे ज्याचे त्याचे. माझं खरं भांडण पुढे आहे.

आपण श्राविका आहोत. अणुव्रतं ऐकून ऐकून पाठ झालीत. गुणव्रतांत अनर्थदंडव्रत येतं हेही सगळ्यांना माहीत आहे. अनर्थदंड म्हणजे ज्याच्यामागे काही प्रयोजन नाही असं पाप. संसारात राहून हिंसा पूर्ण टळत नाही, हे आचार्यांना कळत होतं. चूल पेटणार, पाणी लागणार, घर बांधलं की जमीन खणली जाणार. म्हणून त्यांनी गृहस्थाला सांगितलं, की निदान विनाकारण होणारी हिंसा तरी सोडा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं हे सगळं त्यात येतं. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार सांगितलेत, त्यात गरजेपेक्षा जास्त उपभोगाच्या वस्तू गोळा करणं हाही एक आहे.

आता तुम्ही म्हणाल, शटरचा आणि जमीन खणण्याचा काय संबंध? संबंध सरळ आहे. लोखंड झाडाला लागत नाही. ते खाणीतून येतं. एक टन पोलाद करायला साधारण दीड टन लोहखनिज लागतं, शिवाय कोळसा. भट्टीत दर टनामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या शटरचं वजन काढा. सव्वा मिलिमीटरच्या आसपासच्या जाड पत्र्याचं आठ बाय सातचं शटर पन्नास किलोच्या वरच भरतं. म्हणजे पाऊणशे किलो खनिज आणि शंभर किलो धूर. आपण पृथ्वीकाय, अग्निकाय, वायुकाय जीव मानतो. बटाटा खाताना जमिनीखालच्या जीवांचा विचार करतो. सूर्यास्ताच्या आत जेवतो, पाणी गाळून पितो. मग पन्नास किलो लोखंड केवळ पोचा दिसतो म्हणून टाकून देताना तो विचार कुठे जातो? श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत भट्टीचा धंदा, अंगारकर्म, पहिला मोजतात. तो धंदा आपण करत नाही हे खरं, पण नको असताना भट्टीला गिऱ्हाईक मात्र होतो.

यावर एक हुशार उत्तर मिळतं. "जुनं शटर कुठे वाया जातं? भंगारवाला नेतो, वितळवून पुन्हा लोखंड होतं." होतं ना. आपल्या जालन्यात भंगारापासून सळया करणारे कारखाने आहेत. पण ते भंगार वितळतं कशात? भट्टीतच. दीड हजार अंशांच्या वर तापवल्याशिवाय पोलाद वितळत नाही. जे तुटलंय, गंजलंय, त्याने त्या भट्टीत जावं. वीस वर्षं अजून चालेल असं शटर तिथे पाठवायचं कारण काय? भंगारवाला किलोवर पैसे देतो, म्हणून आपलं मन शांत होतं, एवढंच.

दुसरं उत्तर, "लोक काय म्हणतील?" हे सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कमजोर. दशलक्षणात दुसऱ्या दिवशी मार्दव धर्मावर प्रवचन ऐकतो, मान सोडायचा. नवव्या दिवशी आकिंचन्य ऐकतो, माझं काहीच नाही. मंदिरातून घरी आलो, की व्याही येणार म्हणून शटर बदलायचं! आणि महाराजांच्या आहारासाठी बदलायचं हे तर मला अजिबातच समजत नाही. ज्यांच्याकडे पिंछी, कमंडलू आणि शास्त्र याखेरीज काहीही नाही, ज्यांनी अंगावरचं वस्त्रसुद्धा सोडलं, ते तुमच्या गॅरेजच्या शटरचा पोचा बघणार आहेत? ते बघतात चौक्याची शुद्धी आणि देणाऱ्याचा भाव. शटर बघतो ते आपणच आणि आपले शेजारी.

तिसरं उत्तर जरा विचार करायला लावणारं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते. "हा कंजूषपणा झाला. जैन म्हणजे चिकट असं लोक आधीच म्हणतात." मैत्रिणींनो, कंजूषपणा आणि अपरिग्रह यात फरक आहे आणि तो आपल्याला समजलाच पाहिजे. वस्तू टिकवणं हा अपरिग्रह. पण दुरुस्ती करणाऱ्याला १,८०० सांगितल्यावर हजारावर आणायचं, तासभर घासाघीस करायची, चहासुद्धा विचारायचा नाही, हा कंजूषपणा. तो परिग्रहच आहे, कारण परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो. पोचा काढायला आलेला माणूस दिवसभर हातोडा चालवतो. नव्या शटरला १६ हजार मुकाट्याने देणाऱ्या बायका त्या माणसाशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालताना मी बघितल्यात. बजेट सांभाळायचं ते मालात सांभाळा, मजुरीत नको.

आणि "नवीन घेतल्याने कारखान्यातल्या लोकांना काम मिळतं" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की दुरुस्तीच्या पैशातला मोठा भाग तुमच्याच गावातल्या कारागिराच्या घरी जातो. नव्यातला मोठा भाग लोखंडात आणि करात जातो.

पूर्वी हे आपल्याला सांगावं लागत नव्हतं. पितळेच्या घागरीला पोचा आला की ती कासाराकडे जायची. आपल्या समाजात तर जैन कासारांची घरंच आहेत, ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांचं काम केलं. लग्नात आलेली कळशी नातीपर्यंत पोचायची. पोचा ठोकून काढला म्हणून त्या घरची इज्जत गेली असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आता काम. घरी काय करता येतं आणि काय करू नये, ते सांगते.

पहिली गोष्ट, वरच्या ड्रमला हात लावू नका. त्यात स्प्रिंग ताणून बसवलेली असते. ती सुटली तर हात मोडतो. पट्टी बदलायची असेल तर कारागीरच हवा. पोचा ठोकणं आणि रंग देणं एवढं आपल्याला जमतं.

दुसरी गोष्ट, जीवदया. शटरच्या पेटीत चिमणीचं घरटं असतं, चॅनेलच्या फटीत पाल किंवा गांधीलमाशीचं पोळं असतं. काम सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन बघा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, पोचा कुठे पळून जात नाही. रंगाचं काम सकाळीच करा. संध्याकाळी दिवा लावला की किडे येतात आणि ओल्या रंगाला चिकटून मरतात. शक्यतो पावसाळा टाळा. त्या दिवसांत जीवजंतू जास्त आणि रंगही वाळत नाही. मात्र आषाढात पोचा येऊन रंग उडाला असेल तर कोरड्या दिवशी तेवढ्या जागेवर प्रायमरचा एक हात मारून ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत गंज धरेल.

ठोकण्याची रीत अशी. शटर पूर्ण खाली घ्या. पोचा आत गेलेला असतो, म्हणून आतून ठोकायचं. बाहेरून एकाने लाकडी ठोकळा जुन्या सुती कापडात गुंडाळून दाबून धरायचा, आतून दुसऱ्याने रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं. लगेच मध्यभागी मारू नका. पोच्याच्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत या. जोरात मारलं तर पत्रा ताणतो आणि मग तो कधीच सरळ होत नाही. पट्टीला गोलाई असते, त्यामुळे तेवढ्याच गोलाईचा पाइपचा तुकडा ठोकळ्याच्या जागी मिळाला तर काम जास्त सफाईने होतं. बारा आणे सरळ झालं की थांबा. उरलेले चार आणे रंग झाकतो.

मोबाईलवर एक युक्ती फिरते. केस वाळवायच्या यंत्राने पत्रा तापवायचा आणि त्यावर बर्फ किंवा गार फवारा मारायचा, पोचा आपोआप बाहेर येतो म्हणे. उथळ पोचा असलेल्या पातळ पत्र्यावर कधी होत असेल. आपल्या शटरची पट्टी जाड आणि वळवलेली असते, तिथे हात भाजण्यापलीकडे काही होत नाही.

मग घासणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज आणि सुटलेला रंग काढा, १२०ने गुळगुळीत करा, कोरड्या फडक्याने पुसा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गेटच्या सपाट पत्र्याला पोचा असेल तर त्यात लांबी भरून घासता येते. शटरच्या पट्टीवर लांबी भरू नका. शटर गुंडाळताना पट्टीवर पट्टी घासते आणि लांबीचे तुकडे पडतात.

साध्या लोखंडावर रेड ऑक्साइड प्रायमर द्या. शटर जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचं असेल तर दुकानदाराला तसं सांगून त्यावर धरणारा प्रायमर मागा, नाहीतर वर्षात पापुद्रे निघतात. त्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. जाड हात दिला तर पट्ट्या सांध्यात चिकटतात. फक्त पोच्यापुरता रंग देऊ नका, ठिगळ दिसतं, कारण बाकीचं शटर उन्हाने फिकं झालेलं असतं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवा. किंवा खालचा दीड फुटाचा पट्टा थोड्या गडद रंगाने रंगवून टाका, तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो. दुसरा हात दिल्यावर पूर्ण दिवस शटर खालीच ठेवा. वाळल्यावर चॅनेलमध्ये ग्रीस लावा. हातोडी, पेपर, प्रायमर, रंग, ब्रश, सगळं मिळून आमच्याकडे हजाराच्या आत बसलं, आणि हातोडी तर कायमची झाली.

आणि बदलायचं कधी? तेही सांगते, कारण दुरुस्तीचा हट्टही बरा नाही. खालच्या पट्ट्या गंजून आरपार भोकं पडली असतील, चॅनेल वाकल्यामुळे शटर अडकत असेल किंवा एकदम खाली येत असेल आणि कारागीर चॅनेल सरळ होत नाही म्हणत असेल, अर्ध्याहून जास्त पट्ट्या गेल्या असतील, तर बदला. डोक्यावर शटर पडून कुणाला इजा झाली तर तीही हिंसाच. तेव्हा खर्चाला प्रयोजन आहे, म्हणजे तो अनर्थ नाही.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. दुरुस्ती केल्यावर वाचलेले चौदा हजार कुठे जातात? ते नवीन मोबाईलमध्ये गेले तर परिग्रहाने फक्त दार बदललं. जमाखर्चाच्या वहीत तो फरक वेगळा लिहून ठेवा आणि त्यातला काही भाग तरी दानाला काढा. आहार, औषध, ज्ञान, अभय, चारही दानांना आज गिऱ्हाईक कमी आणि गरज जास्त आहे. दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली सुरू झाली आणि आपल्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली, ती अशाच बाजूला काढलेल्या पैशांवर. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवा. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मागे ठेवलं नाही. त्या आपल्यातल्याच एक गृहिणी. त्यांच्या दाराला पोचा होता की नव्हता हे आज कुणी विचारत नाही.

घरात शटरचा विषय निघाला, की "लोखंडाचं तुला काय कळतं" असं म्हणून आपल्याला बाजूला करतात. बाजूला होऊ नका. तीन प्रश्न विचारा. शटर उघडतंय का? किती पट्ट्या वाकल्या? पट्टी बदलायचा भाव काय? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत नव्या शटरचा ॲडव्हान्स देऊ देऊ नका.

तुमच्या गावात पट्टी बदलून देणारा चांगला कारागीर असेल तर एकमेकींना जरूर सांगा. त्याला काम मिळेल आणि कुणाचं तरी चांगलं शटर भट्टीत जायचं वाचेल.

जयजिनेंद्र.